वाचक विचारतात : जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्या आणि त्यांचे सुटे भाग

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची डॅटसन २४०झेड आहे. '७२चं मॉडेल' असं सांगून मागवलेले दोन भाग बसलेच नाहीत. विक्रेता म्हणतो भाग बरोबर आहेत, मेकॅनिक म्हणतो गाडीच वेगळी आहे. नेमकं काय सांगून भाग मागवायचे?

उत्तर : दोघेही खरं बोलत असतील. नोंदणीच्या कागदावरचं वर्ष म्हणजे गाडी विकली गेली ते वर्ष. भाग बदलतात ते कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या महिन्याप्रमाणे. म्हणून वर्ष सांगणं सोडा, चासी नंबर सांगा. एस३० घराण्यात (२४०झेड, २६०झेड यांचा कारखान्यातला कोड) नंबराच्या आधीची अक्षरंच पुष्कळ बोलतात : एचएलएस३० म्हणजे डाव्या स्टिअरिंगची २४०झेड, एचएस३० म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, आरएलएस३० असेल तर ती २६०झेड, आणि नुसतं एस३० असेल तर जपानच्या बाजारातली दोन लिटरची फेअरलेडी झेड. नंबर इंजिनामागच्या फायरवॉलवर ठोकलेला असतो. तिथला फोटो घ्या आणि इंजिनच्या ब्लॉकवरच्या नंबराशी व इंजिन-बेमधल्या पट्टीशी ताडून पाहा. पन्नास वर्षांत इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेला असणं यात नवल काहीच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ क्लचमध्ये होतो. रिलीज बेअरिंग ज्या कॉलरवर बसतं ती कॉलर वेगवेगळ्या उंचीची येते, आणि ती प्रेशर प्लेटच्या उंचीशी जोडीनं ठरलेली असते. नवी प्लेट आणि जुन्या गिअरबॉक्सची कॉलर अशी मिसळ झाली, तर एक तर क्लच पूर्ण सुटत नाही, नाही तर पूर्ण धरत नाही. मग लोक मास्टर सिलिंडर बदलतात, स्लेव्ह बदलतात, आणि दोष तिथेच राहतो. गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाच जुनी व नवी प्लेट शेजारी ठेवून उंची मोजा.

आता पार्ट नंबर. डॅटसन म्हणजे निस्सानच, आणि निस्सानचा नंबर पाच-पाच अशा दहा अक्षरांचा असतो. पहिले पाच भागाचा प्रकार सांगतात : ११०४४ म्हणजे हेड गॅस्केट, २१०१० म्हणजे पाण्याचा पंप, १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर. पुढचे पाच कोणत्या इंजिनाचा, कोणत्या सुधारणेचा ते सांगतात. टोयोटाचेही पाच-पाचच, ९०नं सुरू होणारे नंबर बहुधा सील, बोल्ट, बेअरिंग अशा सर्रास वापराच्या वस्तूंचे, आणि ९०३११ म्हणजे ऑइल सील. होंडात पाच-तीन-तीन, आणि मधली तीन अक्षरं मॉडेलची; पहिल्या एनएसएक्सच्या इंजिनाचे भाग पीआर७, बॉडीचे एसएल०. माझ्दात पहिली चार अक्षरं मॉडेलची : एफडी०१ दिसलं की तो भाग मुळात तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७साठी काढलेला. सर्रास वापराच्या वस्तूंच्या बाबतीत हे ज्ञान फार उपयोगी पडतं. 'तुमच्या गाडीचं सील बंद झालं' असं उत्तर आलं, तरी तेच सील दुसऱ्या, जास्त खपलेल्या मॉडेलच्या यादीत जिवंत असू शकतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते; तेवढ्यावरही बेअरिंगच्या दुकानात काम होतं.

जपानमधल्या विक्रेत्यांच्या याद्या वाचायच्या असतील तर आठ-दहा शब्द ओळखीचे करून घ्या. 'जुनसेई' म्हणजे कंपनीचा अस्सल, 'शागाई' म्हणजे बाहेरच्या उत्पादकाचा. 'शिनपिन' नवा, 'चुको' वापरलेला. 'हाईबान' म्हणजे कंपनीनं बंद केलेला नंबर. 'बुहिनतोरी' म्हणजे भाग काढण्यासाठी ठेवलेली गाडी. 'झेनकी' आणि 'कोकी' म्हणजे एकाच मॉडेलची आधीची व नंतरची आवृत्ती, आणि फसगत होते ती याच दोन शब्दांत. 'जंकु' लिहिलेलं असेल तर वस्तू चालेल याची कोणतीही हमी नाही, परत घेणारही नाहीत. वर्षं जपानी पद्धतीनं दिलेली असतात : शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, हेईसेईच्या आकड्यात १९८८. शोवा ५८ म्हणजे १९८३.

आणि एक : जुना भाग, तो मोडका का असेना, नवा बसून गाडी महिनाभर चालेपर्यंत टाकू नका. नमुना हातात असला तर लेथवर नवा कातता येतो. नुसत्या आठवणीवर काहीच कातता येत नाही.


प्रश्न : कार्ब्युरेटरचे आणि दाराच्या पट्ट्यांचे स्क्रू काढताना डोकी गुळगुळीत होतात. स्क्रू ड्रायव्हर चांगल्या कंपनीचा आहे.

उत्तर : कंपनी चांगली असेल, पण प्रकार चुकतो आहे. जपानी गाड्यांच्या स्क्रूची फुली फिलिप्स नाही, जेआयएस (जपानी औद्योगिक मानकाची) आहे. फिलिप्सचं टोक त्या फुलीत तळापर्यंत पोचत नाही, आणि जोर वाढला की उसळून वर येतं. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर तो नक्की जेआयएस. जुन्या स्क्रूंवर ठिपका नसला तरी तो जेआयएसच धरून चाला. जेआयएस टोकाचे दोन-तीन ड्रायव्हर घ्या, शक्यतो हातोडीनं ठोकता येणारा एक. फुलीतला रंग आणि माती सुईनं काढा, भेदक तेल रात्रभर मुरू द्या, ड्रायव्हर सरळ उभा धरून एक टोला मारा, मग फिरवा. ऑइलपेक्षा तो टोला जास्त काम करतो.

आट्यांकडेही लक्ष द्या. १० मिलिमीटरचा जपानी बोल्ट बहुधा १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो, हार्डवेअरच्या दुकानातला १.५चा. दोन फेरे हातानं जातो आणि तिसऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे खातो. चाकाचे नट निस्सान आणि सुबारूत १२ × १.२५, तर टोयोटा, होंडा, माझ्दा आणि मित्सुबिशीत १२ × १.५. ऑइल प्रेशरच्या सेंडरला मात्र मेट्रिक आटे नसतात. तिथे १/८ इंची ब्रिटिश निमुळते आटे, इंचाला २८. बाजारातले बहुतेक गेज अमेरिकन आट्यांचे येतात, इंचाला २७. ते 'जरा घट्ट जातंय' म्हणत फिरवलं की ब्लॉकला चीर. अडॅप्टर मिळतो, तो वापरा.


प्रश्न : २४०झेडचे दोन कार्ब्युरेटर तीन वेळा जुळवून घेतले. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलला थरथरते आणि मध्येच फट फट करते. आता तीन वेबर कार्ब्युरेटर बसवावेत असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : थांबा. कार्ब्युरेटर हे ट्यूनिंगमधलं शेवटचं काम आहे, आणि तुमच्याकडे ते पहिलं झालं आहे.

आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. २४०झेडचं एल२४ इंजिन गरम असताना इनटेकला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. थंड असताना बघायचं तर ०.२० आणि ०.२५. रॉकरचा लॉक नट आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायचं. एखाद्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅप उरलेलाच नसेल तर गरम झाल्यावर तो पूर्ण बसत नाही. 'गरम झाल्यावर थरथर' याचं अर्धं उत्तर इथेच सापडतं.

मग पॉइंट : गॅप ०.४५ ते ०.५५, ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ३५ ते ४१ अंश. मग टायमिंग, पुढच्या कव्हरवरच्या पट्टीवर टायमिंग लाइटच्या गनने. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४; वायरा एकदा बोटानं मोजा. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी तोंडानं ओढून बघा : हवा येत असेल तर डायाफ्राम फाटला आहे. पॉइंट नकोतच असतील तर २८०झेडएक्सचा ई१२-८० हा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर जागच्या जागी बसतो, पण त्यात कॉइलचा करंट कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर वगळावा लागतो. २४०झेडचा टॅकोमीटर कॉइलच्या वायरीतून जाणाऱ्या करंटवर चालतो. बॅलास्ट वगळताना ती वायर टॅकोमीटरच्या मागून न नेता सरळ जोडली की काटा मेला.

एवढं झाल्यावर हवेची गळती शोधा. इंजिन चालू ठेवून इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा द्या. आवाज बदलला की गळती तिथे. शाफ्टची भोकं झिजलेली असतील तर कितीही जुळवा, आयडल टिकणार नाही; बॉडी रीम करून पितळी बुश घालावे लागतात. फवारा मारताना एक्झॉस्ट खालीच आहे हे विसरू नका.

आता कार्ब्युरेटर. वरच्या घुमटातला डॅम्पर काढून पिस्टन हातानं उचला आणि सोडा, 'टक्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. अडखळत खाली येत असेल तर घुमट काढून त्याची आतली बाजू सॉल्व्हंटनं पुसा, एमरी पेपर बिलकुल नाही. घुमट आणि पिस्टन यांच्या जोड्या कारखान्यात जुळवलेल्या असतात. पुढचा मागे आणि मागचा पुढे केला तर दोन्ही बिघडतील. डॅम्परमध्ये २० ग्रेडचं ऑइल. मिश्रणाची नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणा, ही सुरुवात. दोन्हींना हवा सारखी जाते का ते फ्लो मीटरनं बघा. आधी जोडणारा रॉड सुटा करून आयडल, मग रॉड जोडून सुमारे ३००० आरपीएमला. मग एकेक पिस्टन मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त), लगेच पडला तर पातळ (पेट्रोल कमी), जरासा वाढून सावरला तर बरोबर.

तुमच्या कार्ब्युरेटरचं डोकं घुमटासारखं गोल नसून सपाट असेल तर ते १९७३-७४च्या प्रदूषण-नियमांसाठी काढलेलं मॉडेल. गरम झाल्यावर पेट्रोल उकळणं ही त्याची जुनीच खोड. त्यावर कष्ट करण्यापेक्षा आधीच्या वर्षांची गोल डोक्याची जोडी शोधणं शहाणपणाचं. इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर दाब ४ पीएसआयच्या (पौंड प्रति चौ. इंच) आत ठेवा, नाही तर फ्लोटची सुई उचलली जाते.

वेबर वाईट नाहीत. पण ज्या इंजिनाचे टॅपेट बिघडले आहेत त्यावर तीन कार्ब्युरेटर बसवले तर बिघाड एकाच्या ऐवजी तीन ठिकाणी दिसेल, एवढंच.


प्रश्न : त्याच घराण्यातल्या माझ्या २६०झेडमध्ये काचा खाली केल्या की धुराचा वास आत येतो. सायलेन्सर नवा आहे.

उत्तर : या उतरत्या पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. मागच्या दाराचं रबर, टेललाइटची पॅकिंग आणि मागच्या फरशीतले रबरी ग्रोमेट या तीन जागा. अंधारात डिकीत दिवा ठेवून बाहेरून प्रकाश कुठे झिरपतो ते बघा. सायलेन्सरची शेपटी मागच्या पत्र्याच्या बाहेर आलेली हवी. वास धुराचा नसून कच्च्या पेट्रोलचा असेल तर मागच्या बाजूच्या आतल्या पॅनेलमागची वाफेची टाकी आणि तिच्या नळ्या तपासा. त्या नळ्या आजवर बदललेल्या नसतील तर त्यांना तडे असणारच.


प्रश्न : माझ्दा आरएक्स-७ (तिसरी पिढी, १३बी ट्विन टर्बो) घ्यायचा विचार आहे. विकणारा म्हणतो कॉम्प्रेशन 'उत्तम' आहे, १०० आलं. हे पुरेसं आहे का? घेतल्यावर पहिली कामं कोणती?

उत्तर : एकच आकडा सांगितला याचा अर्थ चाचणी साध्या गेजनं केली. रोटरी इंजिनात प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात. साधं गेज त्या तिघींतला सर्वांत चांगला आकडा धरून ठेवतं आणि आजारी बाजू लपवतं. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम : दोन रोटर मिळून सहा आकडे आणि त्या वेळचा आरपीएम, अशी चिठ्ठी मागा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि ठिणगी बंद. २५० आरपीएमला सुमारे ८.५ किलो प्रति चौ. सेंमी. हा नव्या इंजिनाचा आकडा आणि ७ ही खालची मर्यादा. १०० पीएसआय म्हणजे जवळजवळ तेवढंच, म्हणजे 'उत्तम' नव्हे, सीमेवर. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५पेक्षा आणि दोन रोटरांत १पेक्षा जास्त फरक नको. स्टार्टर सावकाश फिरला तर आकडे कमी येतात, म्हणून आरपीएम न लिहिलेली चिठ्ठी बाजूला ठेवा.

टेस्टर नसेल तर साध्या गेजचा उलटा न जाऊ देणारा व्हॉल्व्ह काढा आणि सुईच्या उड्या मोबाइलवर चित्रित करा. तीन सारख्या उड्या हव्यात. लागून दोन उड्या कमी असतील तर बहुधा एपेक्स सील (रोटरच्या टोकावरचं) गेलं, कारण एक सील दोन बाजूंच्या मध्ये असतं. एकच कमी असेल तर साइड किंवा कॉर्नर सील. तिन्ही सारख्याच कमी असतील तर ती सर्वसाधारण झीज.

कॉम्प्रेशन चांगलं आणि तरी इंजिन गेलेलं, हेही शक्य आहे. दोन हाउसिंगांमधली पाण्याची सील उष्णतेनं कडक होतात. इंजिन रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि काही सेकंद एकाच रोटरवर चालणं. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे. कूलंट कुठे गळत नाही पण कमी होतं. यातलं एकही दिसलं तर किमतीत इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च धरा. म्हणूनच विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : बघायला येऊ तेव्हा इंजिन थंड हवं.

घेतल्यावर पहिलं काम कूलंटचं. या मॉडेलमधली हवा वेगळी करणारी छोटी प्लॅस्टिकची टाकी वयानं तडकते, आणि रोटरी एकदा तापली की सील जातात. ती ॲल्युमिनियमची बसवा. दुसरं, व्हॅक्यूमच्या नळ्या. दोन्ही टर्बो एकामागून एक कामाला लावणारी सगळी यंत्रणा इनटेकखालच्या डझनावारी बारीक नळ्यांवर आणि सोलेनॉइडवर चालते. एक टर्बो आधी, दुसरा सुमारे ४५०० आरपीएमला. गेजवर १० पीएसआय, मग क्षणभर ८, पुन्हा १० असं दिसलं तर यंत्रणा निरोगी. तसं नसेल तर टर्बोला दोष देण्याआधी नळ्या. नळी एका वेळी एकच काढा आणि लगेच नवी घाला. सगळ्या एकदम काढून मग आकृती बघत बसवणारा माणूस दोन आठवडे तिथेच असतो. तिसरं, प्लग : खालचा (लीडिंग) बीयूआर७ईक्यूपी, वरचा (ट्रेलिंग) बीयूआर९ईक्यूपी. हीट रेंज वेगळी आहे, अदलाबदल नको.

इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायची सवयही सोडा. थंड रोटरी अर्धवट बंद केली की आत पेट्रोल साचतं, सीलवरचं ऑइल धुवून जातं आणि पुढच्या वेळी कॉम्प्रेशनच बनत नाही. तसं झालंच तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढून स्टार्टर मारा, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका, कोरडे प्लग लावून सुरू करा. ऑइल इंजेक्ट करणारा पंप 'भानगड नको' म्हणून बंद करणारे भेटतील. त्यांच्या इंजिनाला प्रत्येक टाकीत हातानं ऑइल मिसळावं लागतं आणि एकदा विसरलं की संपलं.


प्रश्न : कंपन्या जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनवतात असं ऐकलं. निस्सान स्कायलाइन आर३२ जीटी-आरसाठी आत्ताच काय घेऊन ठेवावं आणि कशाची वाट बघितली तरी चालेल?

उत्तर : खरं आहे. निस्साननं डिसेंबर २०१७मध्ये निस्मो हेरिटेज पार्ट्स आर३२पासूनच सुरू केलं आणि पुढे आर३३, आर३४ जोडले. टोयोटाच्या जीआर हेरिटेज पार्ट्समध्ये ए७० व ए८० सुप्रा, २००० जीटी आणि एई८६ आले. माझ्दानं पहिल्या रोडस्टरपासून सुरुवात करून आरएक्स-७चेही भाग पुन्हा काढले. मात्र हे लहान लॉटमध्ये होतं. यादीतला भाग म्हणजे कायमचा भाग नव्हे.

आमचं मत सरळ आहे. आर३२च्या आरबी२६ इंजिनाचे बेअरिंग, गॅस्केट, पिस्टन, ऑइल पंप बाहेरचे उत्पादक बनवतात आणि काही बाबतींत मूळ भागापेक्षा चांगले बनवतात. ते लागतील तेव्हा घ्या. काचेच्या कडेची रबरं, वायरिंग हार्नेस आणि त्याचे प्लग, डॅशबोर्डचे प्लॅस्टिक, बिल्ले, पुढचे-मागचे पत्रे हे दुसरं कोणी नीट बनवत नाही. ते दिसले की घ्या. रबर मात्र घेऊन दहा वर्षं कपाटात ठेवू नका, तेही म्हातारं होतं; गुंडाळी न करता, अंधारात, इलेक्ट्रिक मोटरपासून लांब ठेवा.

इंजिन उघडणारच असाल तर आर३२च्या क्रँकची पुढची बाजू बघा. ऑइल पंपाला फिरवणारा चपटा भाग सुरुवातीच्या क्रँकवर अरुंद आहे, आणि उच्च आरपीएमला रेव्ह लिमिटर आपटत राहिलं की पंपाचा गिअर फुटतो. क्रँकला रुंद कॉलर बसवून घेणं हे मशीन शॉपचं एका दिवसाचं काम. मूळ टर्बोची एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची असतात, कारखान्याच्या बूस्टपेक्षा बरंच वर नेलं तर तुटतात. टायमिंग बेल्ट १ लाख किलोमीटरला. कमी चाललेल्या गाडीत किलोमीटर विसरा आणि वय बघा.


प्रश्न : १९९१ची मित्सुबिशी जीटीओ. आयडल वरखाली, कधी सुरूच होत नाही. सगळे सेन्सर बदलले.

उत्तर : ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडा. त्या काळातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून द्रव गळतो आणि बोर्डावरचा तांब्याचा थर खातो. जीटीओचा ईसीयू यासाठी प्रसिद्धच. पहिल्या एनएसएक्सच्या एसी कंट्रोलमध्येही हेच होतं. झाकण उघडल्यावर सुक्या मासळीसारखा वास आला तर निदान झालं. बॅटरी सुटी करा, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक कपॅसिटरचं ऋण टोक नोंदवा. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टेज तेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं. जुना चिमट्यानं पिळून काढू नका, खालचं पॅड उखडतं. काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं जागा धुवा, हिरवट झालेली रेघ मल्टिमीटरनं तपासा, तुटली असेल तर बारीक वायरनं सांधा. शेजारचा चांगला दिसणारा कपॅसिटरही सोबतच बदला. वास आलेला ईसीयू 'चालतोय तोवर चालू दे' म्हणून ठेवला तर काही महिन्यांनी बोर्डच भंगारात जातो.


प्रश्न : निस्सानची हाकोसुका (चौकोनी अंगाची सी१०) स्कायलाइन जीटी-आर विकायला आहे. रूप हुबेहूब, पण शंका वाटते.

उत्तर : शंका योग्य. जीटी-आर फेब्रुवारी १९६९मध्ये चार दारांची (पीजीसी१०) आली आणि १९७०मध्ये दोन दारांची (केपीजीसी१०). साध्या २००० जीटी हार्डटॉपचा कोड केजीसी१०. कोडात 'पी' नसेल तर बाकी काहीही असो, ती जीटी-आर नाही. चाकांवरचे काळे ओव्हरफेंडर, जाळी आणि बिल्ले कुणीही लावतो. चासी नंबर फायरवॉलवर बोटानं चाचपा, आजूबाजूला वेल्डिंगची रेघ, घासलेला किंवा वेगळ्या पोताचा रंग लागतो का ते बघा.

मग बॉनेट. खऱ्या गाडीत एस२० : १९८९ सीसी, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह, तीन मिकुनी-सोलेक्स कार्ब्युरेटर. साधीत एल२०, एकच कॅम. एल इंजिनावर तीन कार्ब्युरेटर बसवून चमकवलेलं असतं, तेव्हा कार्ब्युरेटर मोजू नका, कॅम मोजा. डिकीत बघा : जीटी-आरची टाकी १०० लिटरची. पुढच्या पिढीच्या केनमेरी जीटी-आर (केपीजीसी११०) तर १९७३मध्ये फक्त १९७ बनल्या, त्यामुळे तिथे कागदपत्रांशिवाय पुढे जाऊच नका. नक्कल म्हणून सांगून विकलेली नक्कल चालवायला छानच असते. प्रश्न फक्त किमतीचा.


प्रश्न : एस३०च्या फरशीखालच्या रेलमध्ये आणि मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात गंज आहे. सगळं एकदम कापून नवं लावावं का?

उत्तर : एकदम कधीच नाही. कापण्याआधी दारं बसवलेली ठेवा, त्यांची फट चारही कडांना मोजून लिहा, आणि दाराच्या चौकटीत तिरका पाइप वेल्ड करून टाका. आधी एक बाजू पूर्ण, मग दुसरी. दोन्ही रेल एकदम काढल्या की गाडी मधून वाकते आणि मग दार लागत नाही.

मूळ पत्रा ०.८ मिलिमीटरच्या आसपास. पॅचला १ मिलिमीटर पुरे. ०.६ची मिग वायर, एकेक टाका, पुढचा टाका निदान दोन इंच दूर, आणि हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग वेल्ड ओढली की पत्रा लाटांसारखा उठतो, आणि मग ती लाट पुट्टीखाली लपवली जाते. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर. शेवटी बंद पोकळीत लांब नळीनं मेण. हे राहिलं तर गंज आतून पुन्हा येतो.

बॅटरीच्या खालचा पत्रा आणि वायपरखालची पाण्याची वाट यांवर आधी काम करा. तिथून येणारं पाणीच खालची रेल खातं.


प्रश्न : एस३०च्या मागच्या सस्पेन्शनचा लांब स्पिंडल पिन निघत नाही. तापवला, ठोकला. एक टोक ठोकून ठोकून पसरलं.

उत्तर : ठोकणं थांबवा. मधला पाचरीचा लॉक पिन निघाला आहे ना? तो नसेल निघाला तर बाकी सगळं व्यर्थ. त्याची नट टोकाशी समपातळीत आणून नटावर टोला द्या, म्हणजे आटे वाचतात. मग मुख्य पिनच्या शाबूत टोकाला लांब नट लावून पुलरनं ओढा. ताण ठेवून तापवायचं, ठोकायचं नाही. तुमच्या पिनचं एक टोक गेलंच आहे, तेव्हा नवा पिन मागवून जुना दोन्ही बाजूंनी बुशालगत कापणं हाही सरळ मार्ग. नवा घालताना खाच लॉक पिनसमोर आणा, अँटीसीझ लावा, आणि बुशच्या नट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत लटकत आवळल्या तर रबर पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात फाटतं.


प्रश्न : सगळे बोल्ट पिवळ्या झिंकचे पुन्हा करून घ्यायचे आहेत. कोणते चालतील?

उत्तर : डोक्यावर ४ किंवा ७ लिहिलेले बेधडक द्या. जुन्या जपानी पद्धतीत ७ म्हणजे ७० किलो प्रति चौ. मिमी. ताण, हरवलेल्याच्या जागी ८.८चा चालतो. ९ आणि त्यापुढचे, तसेच कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, ब्रेक कॅलिपर आणि स्टिअरिंगचे बोल्ट देऊ नका. ॲसिडच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट नंतर, गाडी उभी असतानाही, काचेसारखा तुटतो. प्लेटिंगवाला लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजून देतो असं म्हणाला तरी ब्रेकचे नवेच घ्या. द्यायचे बोल्ट आधी फोटो काढून, मोजून, भागवार तारेत ओवून द्या. मोकळी बादली दिली तर परत येताना त्यात दुसऱ्याचे चार जास्त आणि तुमचे दहा कमी असतात.